एक्स-मेन, भुसावळ-जळगाव अप-डाउन आणि आउटरला उभी राहिलेली गाडी

डिसेंबरचा शेवटचा आठवडा, सकाळची गाडी, भादली नुकतंच मागे गेलेलं, आणि शेजारी बसलेल्या नानांनी माझ्या टॅबमध्ये मान घालून विचारलं, "हाई बाई ते मरी गयी व्हती ना? मंग आते परत कशी उनी?"

नाना मूळचे अमळनेरकडचे, नोकरीमुळे भुसावळला राहिलेले, जळगावला एका हापिसात जातात. आमची आठ-दहा जणांची अप-डाउन गँग आहे, त्यात बाकीचे रमी कुटतात नाहीतर राजकारणावरून भांडतात, नानांना दोन्हीचा कंटाळा, त्यांना शेजारच्याच्या हातात काय आहे ते बघायला आवडतं. त्यामुळे सहा महिने ते माझ्या खांद्यावरून एक्स-मेन, म्हणजे अमेरिकेतलं सुपरहिरोंचं कॉमिक, बघत होते. इंग्रजी डायलॉग ते वाचत नाहीत, चित्रांवरून अंदाज लावतात आणि खरं सांगतो त्यांचा अंदाज बऱ्याचदा माझ्यापेक्षा बरोबर निघतो.

तर मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. कारण समोरच्या चित्रातली लाल केसांची बाई जीन ग्रे आहे की मॅडेलिन प्रायर, हेच मला सांगता येईना. दोघी दिसायला सेम टू सेम, आणि मुद्दामच तशा आहेत, पण मी सहा महिने हेच वाचतोय ना राव, मला तर कळायला पाहिजे. मागचं पान उघडलं, त्याच्या मागचं उघडलं, आदल्या दिवशी वाचलेला अंक उघडला, काहीच ओळखीचं वाटेना. वाचलेल्या अंकांच्या एक्सेलमध्ये मात्र सगळ्यांपुढे टिक होती.

जळगाव आलं, उतरलो, नानांना म्हणलं संध्याकाळी सांगतो. संध्याकाळी टॅब बॅगेतून काढलाच नाही. गाडीत तो मग साडेतीन महिने निघाला नाही.

आता हे सुरू कसं झालं ते सांगतो. भाचा पुण्याला शिकतो, त्याने जूनमध्ये नवीन टॅब घेतला आणि जुना मला दिला, त्यात कॉमिक्सचं ॲप होतं, म्हणाला मामा सबस्क्रिप्शन चालू आहे, तुम्ही लहानपणी वाचायचे ना, वाचा. लहानपणी मी वाचायचो ते नागराज, ध्रुव आणि डोगा, हिंदीतलं, भुसावळ स्टेशनच्या स्टॉलवर विकत मिळायचं पण आम्ही गल्लीतल्या एका दुकानातून भाड्याने आणायचो, एक दिवसाचं भाडं ठरलेलं, आणि एका भाड्यात घरातली आणि शेजारची मिळून सहा पोरं वाचून घ्यायची. नागराजचा अंक ७ मिळाला तर ७, नंतर कधीतरी ३ मिळाला तर ३, सुरुवात शेवट असला प्रकारच नव्हता. एक्स-मेन मला माहीत ते सिनेमांमुळे, टीव्हीवर हिंदीत लागायचे ते.

भाच्याने वाचायचा क्रम पण पाठवला होता आणि बजावलं होतं की मामा साठचं दशक सोडा, सरळ १९७५ पासून घ्या. तिथेच मी फसलो. सोडा म्हणलं की मला सोडवत नाही. वडील रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, गाडी कुठे किती वाजता थांबली, किती मिनिटं थांबली, कशामुळे थांबली, सगळं लिहून ठेवायचं हे त्यांचं कामच, आणि ती सवय घरात सगळ्यांना लागलेली, आमच्याकडे दुधाचा हिशोब २००४ पासूनचा सापडेल. तर मी रविवारी बसून एक्सेल शीट केली. अंक, महिना-वर्ष, लेखक, चित्रकार, वाचला का, आणि शेवटचा कॉलम शेरा. बायको म्हणाली, "कॉमिक्स वाचताय का इन्कम टॅक्स भरताय?"

अंक १, सप्टेंबर १९६३, स्टॅन ली आणि जॅक कर्बी. पाच म्युटंट पोरं, म्हणजे जन्मजात अचाट शक्ती असलेली, एक व्हीलचेअरवरचा प्रोफेसर, आणि पहिल्याच अंकात खलनायक मॅग्नेटो. गाडीत एक अंक जाताना, एक येताना. भुसावळ-जळगाव अंतर चोवीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे गाडी नीट चालली तर अंक पुरा होत नाही आणि लेट झाली तर दीड होतो. साठच्या दशकातलं वाचणं म्हणजे खरंच मेहनत आहे, कारण प्रत्येकजण ठोसा मारताना मी आता ठोसा मारतोय असं सांगतो, ज्याला लागला तो मला ठोसा लागला म्हणतो आणि वर चौकोनात लेखक परत तेच लिहितो. शिवाय तिसऱ्या अंकात प्रोफेसर साहेब मनातल्या मनात सांगतात की त्यांचं जीनवर प्रेम आहे, म्हणजे स्वतःच्या विद्यार्थिनीवर, आणि हा विषय तिथेच संपवला जातो, पुढे कोणी ब्र काढत नाही. माझ्या शेरा कॉलममध्ये त्या दिवशी लिहिलंय "हे काय होतं???"

तेच प्रोफेसर ४२व्या अंकात मरतात. चांगलं रडारड वगैरे होते. मग ६५ मध्ये कळतं की मेला तो दुसराच, वेश बदललेला, प्रोफेसर तळघरात बसून कामाची तयारी करत होते. नानांनी इथेच पहिल्यांदा विचारलं होतं, "हाऊ मरना व्हता ना?" मी म्हणलं नाना ह्यांच्यात असंच असतं.

पण शेवटी शेवटी नील ॲडम्स नावाचा चित्रकार येतो, ५६व्या अंकापासून, आणि एकदम कुणीतरी घराची खिडकी उघडल्यासारखं होतं, चौकटी तिरक्या, माणसं खरी वाटणारी. मला वाटलं आता गाडीने वेग धरला. तर ६६व्या अंकाला, मार्च १९७०, बंदच पडली. विक्री नव्हती. आणि गंमत म्हणजे काही महिन्यांनी डिसेंबरमध्ये ती परत सुरू झाली पण नवीन काही नाही, जुन्याच गोष्टी परत छापायच्या, अंक ६७ ते ९३, सत्तावीस अंक, तब्बल १९७५ पर्यंत. आकडा पुढे सरकतोय पण गोष्ट जागेवर. माझ्या एक्सेलमध्ये सत्तावीस ओळी रिकाम्या दिसायला लागल्या आणि खोटं कशाला सांगू, दोन दिवस मी विचार करत होतो की ते रिप्रिंट पण वाचावेत का, शीट पूर्ण दिसेल. भाच्याला फोन केला तर तो इतका हसला की मी नाद सोडला.

कानबाईच्या रोटांच्या आसपास, म्हणजे श्रावणात, मी १९७५ ला पोचलो. जायंट-साइझ एक्स-मेन क्रमांक १, मे १९७५, लेखक लेन वीन, चित्रं डेव्ह कॉक्रम. जुनी पोरं एका बेटावर अडकतात म्हणून प्रोफेसर जगभरातून नवीन माणसं गोळा करतो. जर्मनीचा नाइटक्रॉलर, केनियातून स्टॉर्म, रशियाचा शेतकरी पोरगा कोलोसस, कॅनडाचा वुल्व्हरिन. कोलोसस ट्रॅक्टरसमोर आलेल्या बहिणीला वाचवताना पहिल्यांदा दिसतो ते पान मी नानांना मुद्दाम दाखवलं. नाना म्हणाले, "आपलाच शे." आमच्या डब्यात त्याला तेव्हापासून आपलाच म्हणतात.

९४व्या अंकापासून ख्रिस क्लेरमाँट लिहायला लागतो आणि १९९१ पर्यंत लिहितच राहतो. सोळा वर्षं! एकच माणूस, एकच मालिका. जॉन बर्न चित्रं काढायला १०८ पासून येतो आणि मग जे काही होतं त्याला तोड नाही, म्हणजे मी दोन वेळा जळगाव स्टेशन चुकवता चुकवता राहिलो. त्या काळचा शेरा कॉलम बघितला तर निबंध आहेत निबंध. क्लेरमाँटची युक्ती अशी की ह्या अंकात मारामारी चालू असताना मधेच एका चौकटीत भलतंच काहीतरी दाखवायचं, कुणाची तरी सावली, एखादा फोन, एवढंच, आणि ते दहा अंकांनी, कधी वर्षाने उगवायचं. पेरून ठेवायचं. कधी उगवत नाही ती गोष्ट वेगळी. आणि ह्याचे डायलॉग एवढे लांब की चित्राला जागा उरत नाही, ते सगळे टॉम ओर्झेकॉव्स्की नावाचा माणूस हाताने लिहायचा, वर्षानुवर्षं, इतक्या बारीक आणि इतक्या स्वच्छ अक्षरात, की हलत्या गाडीत पण वाचता येतं. त्या माणसाला एकदा चहा पाजायला पाहिजे.

१३७वा अंक पोळ्याच्या दिवशी वाचला. सप्टेंबर १९८०. गावी गेलो होतो, यावल तालुक्यात, घरात मांडे चालू होते, खापर तापलेलं, मी ओट्यावर टॅब घेऊन बसलेलो. जीन ग्रे आता फिनिक्स आहे, दोन अंकांपूर्वी तिने ताकदीच्या नादात एक तारा गिळला आणि त्याच्याभोवतीच्या ग्रहावरची पाच अब्ज माणसं, म्हणजे माणसं नाही पण जीव, सगळे गेले. ती मरणार हे मला माहीत होतं. सिनेमात बघितलेलं, भाच्याने सांगितलेलं. लेखक-चित्रकाराने आधी शेवट वेगळा ठरवला होता, तिची शक्ती काढून घेऊन तिला घरी पाठवायचं, पण त्यांचे मुख्य संपादक जिम शूटर म्हणाले एवढी हत्या करून ही घरी कशी जाईल, आणि शेवट बदलला, हे पण मला माहीत होतं. तरी चंद्रावर ती स्कॉटसमोर, म्हणजे तिच्या प्रियकरासमोर, स्वतःच ते जुनं यंत्र चालू करून संपते तेव्हा मी टॅब पालथा ठेवला. आई म्हणाली, "काय झालं रे? मांडा थंडा हून राह्यला." मी म्हणलं काही नाही. शेरा कॉलममध्ये त्या दिवशी काही लिहिलं नाही, आणि ती एकच रिकामी जागा माझ्या मते बरोबर होती. बाकीच्या रिकाम्या जागांचं पुढे सांगतो.

१३८ मध्ये अंत्यविधी होतो आणि स्कॉट सगळा इतिहास पहिल्या अंकापासून आठवत बसतो, पूर्ण अंकभर, आणि शेवटी बॅग भरून निघून जातो. मला तो अंक लई आवडला कारण तो जे आठवत होता ते मी गेल्या दोन-तीन महिन्यांत वाचलेलं.

मधली काही वर्षं फटाफट सांगतो कारण तिथे तक्रार नाही. मारामारी नसलेले अंक मला जास्त आवडायला लागले. किटी प्राइड झोपताना लहान पोरीला गोष्ट सांगते तो १५३, स्टॉर्मची शक्ती जाते आणि ती एका बंद घरात बसून राहते तो १८६, त्याची चित्रं बॅरी विंडसर-स्मिथची, फ्रेम करून लावावी अशी. आभाळातून उडणाऱ्या बाईला जमिनीवर चालावं लागतंय एवढीच गोष्ट, एकोणचाळीस-चाळीस पानं. माझे वडील रिटायर झाल्यावर दोन महिने रोज सकाळी डबा भरायला सांगायचे ते आठवलं, विषय काय आणि मला आठवलं काय.

मग वाटण्या झाल्या. खानदेशातल्या माणसाला हे समजवायची गरज नाही. १९६३ पासून एक सातबारा होता. १९८३ ला न्यू म्युटंट्स म्हणून पोरांची वेगळी मालिका, १९८६ ला जुन्या पाच जणांची एक्स-फॅक्टर, मग एक्सकॅलिबर, मग वुल्व्हरिनची स्वतःची. आणि वाटण्या झाल्या तरी बांध एकच, म्हणजे इथे काही झालं की तिकडे वाचायला जावं लागतं. १९८६ चं म्युटंट मॅसकर, दिवाळीच्या सुट्टीत वाचलं, ते एक्स-मेन, एक्स-फॅक्टर, न्यू म्युटंट्स आणि मधेच थॉरमध्ये पण आहे. थॉर कुठून आला ह्यात? माझ्या एक्सेलला आता चार शीट झाल्या आणि एक पाचवी, कोणत्या शीटमधली कोणती ओळ कधी वाचायची त्याची.

आणि एक्स-फॅक्टरसाठी काय केलं तर जीनला जिवंत केलं. तिचं शरीर समुद्राखाली कोशात होतं म्हणे, मेली ती फिनिक्स, जीनचं रूप घेतलेली. बरं, ते पण चाललं असतं. पण तोपर्यंत स्कॉटचं लग्न झालेलं, मॅडेलिनशी, तिला नुकतंच पोर झालेलं, आणि हा जीन परत आली ऐकून बायको आणि तान्हं पोर टाकून न्यूयॉर्कला निघून जातो. मी जेवताना हे घरी सांगितलं. बायकोने भाजी वाढता वाढता थांबून विचारलं, "आणि हा हिरो आहे?" मी म्हणलं हो, पहिल्या अंकापासून. "मग त्याला त्याच्या सासरच्यांनी काही केलं नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने त्यानंतर एक्स-मेनबद्दल काही ऐकून घेतलं नाही, आणि क्लेरमाँटलाही हे पटलेलं नव्हतं असं मी सांगायचा प्रयत्न केला तर म्हणाली मग लिहू नये ना.

खरी घसरण इथून सुरू झाली पण मला ते कळलं नाही, कारण आकडे चांगले दिसत होते. नोव्हेंबरमध्ये मी रोज दोनाचे तीन केले. जेवणानंतर एक. नंतर सकाळी पाणी यायची वाट बघताना अर्धा. डिसेंबरमध्ये इन्फर्नो आलं, १९८९ च्या सुरुवातीचं, टाकलेली मॅडेलिन आता राक्षसांची राणी झालीय, न्यूयॉर्कमध्ये लिफ्ट माणसं खातायत, आणि गोष्ट एक्स-मेन, एक्स-फॅक्टर, न्यू म्युटंट्स अशी इकडून तिकडे उड्या मारते. कागदावर ही भारी गोष्ट आहे, अन्याय झालेल्या बाईचा सूड, बायकोला आवडली असती. पण मी वाचत होतो कसा तर पुढच्या टिकसाठी. आणि मला क्लेरमाँटच्या सवयींची चीड यायला लागली होती. प्रत्येक अंकात वुल्व्हरिन सांगणार मी जे करतो त्यात माझ्यासारखा कोणी नाही. रोग नावाची पोरगी सांगणार तिला कुणाला हात लावता येत नाही. कोलोसस पोलादी होताना पोलादी झालो हे सांगणार. अरे माहीत आहे! सकाळीच सांगितलं, आता परत कशाला!

तर नानांनी तो प्रश्न विचारला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी २४३ कसाबसा संपवून टाकला, गाडीत नाही, घरी, पाणी भरताना, आणि मग शीट उघडून शेरा कॉलम खाली खाली बघत गेलो. जुलै-ऑगस्टमध्ये निबंध. सप्टेंबरला दोन ओळी. दिवाळीनंतर "ठीक", "ठीक", "ठीक आहे". शेवटचे चाळीस-पंचेचाळीस अंक कोरे. एकूण साडेतीनशेच्या आसपास अंक झाले होते. लॅपटॉप बंद केला. ठरवून वगैरे नाही, भाच्याला मी ब्रेक घेतोय असं कळवलं पण नाही, फक्त दुसऱ्या दिवशी टॅब घरी राहिला.

पहिला आठवडा वाईट गेला. हात मोकळे, काय करायचं कळेना, रमीला बसलो, हरलो, परत बसलो, परत हरलो. खिडकीतून केळीच्या बागा बघितल्या, वीस वर्षं त्याच रस्त्याने जातोय तरी एक नवीन वीटभट्टी दिसली. नाना दोन दिवस काही बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "का रे भो, बंद करी टाकं का?" मी म्हणलं थोडे दिवस. "मंग त्या बाईनं पुढे काय व्हयनं?" मी सांगितलं, मॅडेलिन मरते. नाना म्हणाले, "परत यी ती." म्हणजे येईल परत. नानांना आता मालिकेची नस सापडलेली होती.

भरीत पार्ट्यांचा सीझन होता, आमच्याकडे थंडीत दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या मळ्यात भरीत, बामणोदची वांगी, काड्यांवर भाजलेली, बडगीत कुटलेली, वर कळण्याच्या पुऱ्या. भाचा सुट्टीला आला होता, त्याला घेऊन गेलो. तो म्हणाला काय मामा कुठपर्यंत आलात. मी सगळं सांगितलं, चीडचीड, कोरे शेरे, तेच तेच डायलॉग. तो म्हणाला सोडा मग, एवढं काय. ह्या पिढीला सोडा म्हणणं किती सोपं आहे. मला सोडायचं नव्हतं हाच तर त्रास होता, मला कोलोससचं पुढे काय झालं ते बघायचंच होतं, फक्त उघडायची इच्छा नव्हती, आणि ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

डोक्यात ट्यूब पेटली ती जानेवारीच्या शेवटी, गावच्या सप्ताहात. भागवत कथा होती. मी तीन दिवस गेलो, पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या दिवशी. चौथ्या दिवशी महाराजांनी सुरुवातीला पंधरा मिनिटं काल कुठपर्यंत आलो होतो ते सांगितलं, कोण कोणाचा कोण, शाप कुणी दिला, आणि मला फार बरं वाटलं कारण मधले दोन दिवस मी नव्हतो. पाचव्या दिवशी परत तेच, आणि मला कंटाळा आला कारण मी काल होतो. माझ्या शेजारी एक म्हातारे बाबा बसलेले, ते आजच आलेले, ते मन लावून ऐकत होते. आणि मी मांडवात बसून एकदम क्लेरमाँटचा विचार करायला लागलो, बायको बाजूला बायकांमध्ये बसलेली नाहीतर तिने विचारलं असतं हसताय कशाला.

म्हणजे तो माणूस महिन्याला एक अंक लिहीत होता, सुरुवातीला तर दोन महिन्याला एक. पेपरच्या स्टॉलवर कुठलं तरी पोर पहिल्यांदाच हा अंक उचलणार, जसा मी नागराजचा ७ उचलायचो, त्याला वुल्व्हरिन कोण हे कोणीतरी सांगायला नको? आणि जो दर महिन्याला घेतो त्याला पण तीस दिवसांनी आठवण करून द्यायला लागते. ती सावलीची चौकट जी वर्षाने उगवते, ती वर्षभर डोक्यात राहायला पाहिजे, पोरांनी शाळेत भांडायला पाहिजे की ती सावली कुणाची. मी १९७५ ते १९८९ ही चौदा वर्षं पाच महिन्यांत कोंबली आणि वर म्हणतोय तेच तेच सांगतो. अंकांच्या मधला महिना हा पण त्या मालिकेचाच भाग होता आणि माझ्या शीटमध्ये त्याला कॉलम नव्हता. त्या सत्तावीस रिकाम्या ओळी, रिप्रिंटच्या, त्यांच्यामुळेच तर ७५ चा अंक मला एवढा ताजा लागला असणार, तेव्हा वाटलं कॉक्रममुळे. कॉक्रममुळे पण असेल.

हे कळलं म्हणून दुसऱ्या दिवशी टॅब काढला असं काही नाही. फेब्रुवारीत मुलाची परीक्षा, मार्चमध्ये ऑफिसचं इयर एंडिंग, ते ज्याने भोगलं त्याला माहीत. पण मधे मधे गोष्ट आपोआप आठवायला लागली, म्हणजे भाजी आणताना, पंपावर लाइनमध्ये, अरे एक्स-मेन मेलेत असं सगळ्या जगाला वाटतंय, २२७ मध्ये डॅलसला टीव्हीवर मेले ना ते, आणि हे ऑस्ट्रेलियात वाळवंटात लपून राहतायत, मग किटी आणि नाइटक्रॉलर तिकडे इंग्लंडमध्ये त्यांच्यासाठी रडतायत आणि ह्यांना एक पोस्टकार्ड टाकता येत नाही का. हा प्रश्न वाचताना एकदाही पडला नव्हता.

एप्रिलमध्ये, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, एका सकाळी टॅब बॅगेत टाकला. शीट उघडली नाही, ती अजूनही डिसेंबरवर उभी आहे. कुठे होतो ते ॲपने सांगितलं, २४४, मे १९८९. उघडला तर काय असावं? इन्फर्नोनंतर सगळ्या थकलेल्या. स्टॉर्म, रोग, डॅझलर आणि सायलॉक, जग वाचवून वाचवून वैतागलेल्या चौघी, ठरवतात की आज काही नाही, आज बाजारात जायचं, आणि वाळवंटातून थेट लॉस एंजेलिसच्या मॉलमध्ये. कपडे, केस, खाणं. पूर्ण अंकच सुट्टीचा. त्या सुट्टीवर गेल्या तेव्हा मी पण सुट्टीवर होतो आणि आम्ही एकाच अंकात परत भेटलो, ह्याला मी काय म्हणू, मी गाडीत एकटाच हसत होतो. आणि रोगने परत कुणाला हात का लावता येत नाही वगैरे लाइन मारली तेव्हा मला बरं वाटलं, अगदी सप्ताहातल्या त्या बाबांसारखं, हां, बरोबर, असं होतं नाही का.

साडेनऊ वाजले होते तरी डबा तापायला लागलेला. गाडी जळगावच्या आउटरला येऊन थांबली, नेहमीसारखी, पुढे कुठलीतरी एक्सप्रेस घुसवली असणार. रमीवाले शिव्या द्यायला लागले. नाना खिडकीकडून सरकत सरकत माझ्याकडे आले, चष्मा पुसला, मान घातली. मॉलमध्ये एक पिवळा कोट घातलेली पोरगी हातातून फटाके उडवत होती.

"हाई पोर कोन शे?"

म्हणलं, "माहीत नाही नाना, आजच आली."

"मंग पान नको उलटू," नाना म्हणाले, "माले जरा दखू दे."